चुन्याची बादली

ईस्टरच्या सकाळी साक्रीहून धुळ्याला येताना एसटीत एक बाई माझ्याशेजारी बसली. पायांमध्ये चुन्याची बादली. खड्डा आला की दोन्ही हातांनी झाकण दाबायची.

“घर रंगवायचंय का, अक्का?” मी विचारलं.

“घर नही, भाऊ. मनी पोरनी कबर शे.”

एकुलती एक मुलगी तापाने गेली, असं तिनं शांतपणे सांगितलं. मी हळहळलो, तर तिनंच माझी समजूत घातली. “येशू ऊठना, भाऊ. ती बी उठी. तोपावत मी रडत बसाव नही.”

दफनभूमीपाशी ती उतरली आणि बादली घेऊन ताठ मानेनं चालू लागली.

येशू उठला तशी गेलेली माणसंही उठतील, एवढी तिच्यासारखी श्रद्धा माझ्यापाशी नाही. पण बायको गेल्यापासून बंद ठेवलेलं तिचं कपाट मी त्याच संध्याकाळी उघडलं.