यंत्रासाठी सूचना लिहिणारे आमचे साहेब

आमच्या साहेबांइतकं स्पष्ट बोलणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात नाही, आणि कोल्हापुरात स्पष्ट बोलणाऱ्यांची वानवा आहे असं कोणी म्हणणार नाही. पण इतरांचं स्पष्ट म्हणजे मोठ्यानं. साहेबांचं स्पष्ट म्हणजे पायरीपायरीनं. रिक्षात बसले की आधी कुठं चुकायची शक्यता आहे ते सांगत, मग चुकल्यावर कुठं थांबायचं ते, आणि शेवटी पत्ता. एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "पावणं, जायाचं कुठं तेवढं सांगा की! चुकायचं माझं मी बघतो." साहेब शांतपणे उतरले. "ह्यो तिसरी पायरी गाळणार," म्हणाले. आम्ही चालत गेलो.

त्यांचं आयुष्य कागलकडच्या एका दूध संस्थेत भिंतीवरच्या सूचना लिहिण्यात गेलेलं. 'कॅन धुवावा' एवढ्यानं भागत नाही, 'आतून धुवावा' हेही लिहावं लागतं, हे ज्ञान तिथलं. निवृत्तीनंतर ते आमच्या कंपनीत आले. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून दुकानदारांचे जाहिरातीचे ईमेल गिऱ्हाइकांना जातात. हल्ली दुकानदार ते स्वतः पाठवत नाही, त्याच्या वतीनं एआय एजंट पाठवतो. एजंट म्हणजे सांगितलेलं सगळं करणारं आणि न सांगितलेलं काहीच न समजणारं यंत्र. त्या यंत्रानं आमचं सॉफ्टवेअर कसं वापरावं, हे लिहून ठेवायचं काम साहेबांचं.

मी गोंदियाकडचा, आठवीत शाळा सोडलेला. साखर कारखान्यात काम मिळेल म्हणून इतक्या लांब आलो, ते मिळालं नाही. साहेबांना मात्र असाच माणूस हवा होता. "शिकलेला माणूस गाळलेली पायरी मनानं भरतोय. मला न भरणारा पायजे." त्यांनी लिहिलेली ओळ वाचायची, संगणकावर तेवढंच करायचं, जमलं की समोर खूण करायची, हे माझं काम. शाळेत काही कळत नाही म्हणून मार खाल्ला होता, इथं त्याचाच पगार सुरू झाला. घरी कळवलं तर बाप म्हणाला, खोटं बोलू नको.

'योग्य वेळी पाठवावे' असली वाक्यं साहेब उवा वेचाव्यात तशी वेचून काढत. "योग्य म्हंजे किती वाजता? गिऱ्हाईक आंघोळीला गेलंय का जोतिबाला, यंत्राला काय ठावं?" काकू, म्हणजे साहेबांची मंडळी, माहेरी निघाल्या तेव्हा साहेबांनी स्वतःसाठी चहाच्या अकरा पायऱ्या लिहून भिंतीला लावल्या. परत आल्यावर काकूंनी त्या वाचल्या. "पातेलं गॅसवर ठेवायचं ऱ्हायलंय की ह्यात," म्हणाल्या. साहेबांनी कागद उतरवला आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा लिहायला घेतला.

आणि अशा माणसाच्या हातून ती ओळ लिहिली गेली. आमच्या प्रत्येक ईमेलखाली 'यापुढे नको' असं बटण असतं. साहेबांनी लिहिलं, 'गिऱ्हाईक नको म्हणाले, तर आणखी दोनदा विचारावे. तरीही नको म्हणाले, तरच नाव काढावे.' आता पहिल्या नकोला वाढणं थांबवलं तर कोल्हापुरातला पाहुणा पुन्हा उंबरा चढत नाही. आमच्या गोंदियाकडेही काही वेगळं नाही. मी बिनघोर खूण केली.

एजंटानं ओळ तंतोतंत पाळली. एका मसालेवाल्याच्या ज्या ज्या गिऱ्हाइकानं नको म्हटलं, त्याला उलट पत्र गेलं, 'असं कसं? थोडं तरी घ्या.' मग आणखी एक. पुण्याच्या एका बाईंनी कळवलं, "एवढा आग्रह मला सासरीसुद्धा झाला नव्हता. पोलिसात जाऊ का?" मसालेवाला काम काढून घेऊन गेला.

कंपनीच्या मालकीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. "ही ओळ तपासली कोणी?" समोर माझी खूण. गोंदियाच्या गाडीला किती वाजता बसायचं, इथपर्यंत मी पोचलो होतो.

"वळ माझी हाय," साहेब म्हणाले.

"पण खूण त्याची आहे ना?"

"व्हय. जमलं तर खूण कर, असं मी त्याला सांगितलंतं. त्याला जमलं. पटलं न्हाय तर थांब, हे सांगायचं मीच गाळलं. पायरी माझी गेली, त्याची न्हाय."

मालकीणबाई म्हणाल्या, आता दोघांना ठेवणं परवडायचं नाही. साहेबांनी विचारसुद्धा केला नाही. "मला दोन म्हशी हायत. ह्याला काय हाय?"

जाण्याआधी आठ दिवस बसून त्यांनी सगळी पानं पुन्हा लिहिली. जिथं जिथं चुकायची शक्यता, तिथं नवी ओळ घातली, 'इथे थांबावे आणि माणसाला विचारावे.' 'माणसाला' म्हणजे कोणाला, हे साहेब मोघम ठेवतील कसे? पुढं नाव लिहिलंय. माझं, आडनावासकट.

आता दिवसातून दहादा एजंट मला विचारतो, "पुढे पाठवू का?" मला विचारून आजवर कोणी काही केलेलं नाही. मी दोनदा वाचतो, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो, मग उत्तर देतो. परवा फारच भीती वाटली म्हणून साहेबांना फोन लावला. पलीकडं म्हैस ओरडत होती.

"मला कशाला इचारतोस? त्या पानावर माझं नाव हाय का बघ."

मी सगळी पानं पुन्हा पाहिली. कुठंच नव्हतं.