चढावरचे हॉटेल

कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे जाणाऱ्या सडकेला आमची रानाची एक पट्टी लागून होती. जमीन मुरमाड, पीक बेताचे; पण विहिरीला पाणी बारमाही. सडक तिथे चढाची. सर्व्हिस मोटार तिथवर येईपर्यंत इंजिनातले पाणी उकळू लागे आणि ड्रायव्हर गाडी उभी करून आमच्या विहिरीचे पाणी आणवी. तेवढ्यात उतारू खाली उतरत, पाय मोकळे करत आणि चहा कुठे मिळेल ते विचारत. चहा कुठेच मिळत नव्हता.

मी तेव्हा कळमनुरीला एका अडत दुकानात मुनीम होतो. सुटीच्या दिवशी बांधावर बसून उतारू मोजले. पावसाळ्यात मोजले, सुगीत मोजले. निम्मे चहा पितील असे न धरता तिसरा हिस्साच धरला. दूध नासेल, कप फुटतील, तेही धरले. तरी मुनीमकीपेक्षा बरे सुटत होते. मग शेठना सांगितले.

शेठ हसले. "मुनीमजी, नुसत्या हिशेबानं धंदा झाला असता तर मी तुमच्या हाताखाली असतो."

"एकदा करून पाहतो."

"पाहा. पर गादी रिकामी ठेवणार न्हाई मी."

त्यांनी ठेवली नाही. आठवड्यातच त्यांच्या साडूचा मुलगा तिथे बसला.

मी छप्पर घातले, चूल मांडली, सुताराकडून बाकडी करून घेतली. नांदेडहून कप गवतात बांधून आणले. साखर कंट्रोलात, म्हणून गुळाचा चहा ठरवला. दूध कधी घातले म्हणजे फाटत नाही, ते बायको रोज करून बघत होती, आणि फाटलेला चहा घरातले सगळे पीत होतो.

हॉटेल उघडले त्या दिवशी मोटार आली ती मागे लोखंडी पिंप लावून, धूर सोडत. ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी कळमनुरीच्या अड्ड्यावर ड्रायव्हरला गाठले. "काहून थांबत न्हाई?"

"लढाईपायी पेट्रोल मिळंना. आता कोळशाच्या ग्यासवर चालून राहिली. चढावर थांबली की परत उठत न्हाई. खालून जोर धरून एका दमात वर न्यावी लागते."

"अन् पाणी?"

"वर तांड्यापाशी भरतो. कोळसाबी तिथंच घेतो."

"जरा वेळ थांबवा की आमच्याकडं."

"थांबवतो. ढकलायला माणसं द्या तुमी."

भोवतालचे उतारू हसले. त्याचे काही चुकत नव्हते.

तांड्यापाशी जागा बघितली. सडकेकडेची सगळी जमीन जंगलखात्याची. तिथला नाईक म्हणाला, "आमचीच झोपडी कधी उठवतील ठाव न्हाई, तुमाला कुठं बसवू?" जागेसाठी तहसिलीत अर्ज दिला होता, त्याचे उत्तर आले नाही.

एके दिवशी दुपार कलताना गाडी आमच्या छपराच्या थोडी खाली बंद पडली. उतारू उतरले. बायकोने ते पाहिले आणि चूल फुंकायला घेतली.

ड्रायव्हरने हाक मारली, "मुनीमजी, हात लावा."

मी गेलो. सगळ्यांनी रेटली. छपरापाशी येता येता इंजिनाने धरले आणि तो म्हणाला, "बसा, बसा, आता थांबणार न्हाई." लोक पळत पळत चढले. मी छप्पर मागे पडले तरी रेटतच होतो. बाकड्यावर बायकोने भरलेले कप मांडले होते.

"वहिनी, परतीला पितो," लोंबकळणारा एक जण म्हणाला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर बायको म्हणाली, "तुमीच ढकलली."

"न ढकलून कसं जमंल?"

"न ढकलली असती तर रातभर हितंच ऱ्हायली असती."

गाडीत एक बाळंतीण होती, माहेरून निघालेली. बायकोने एकेक कप परत पातेल्यात ओतला आणि चुलीतली लाकडे मागे ओढून विझवली. तेवढी तरी उद्याला उरली.