पोर्टलंडकरांचा ढोल

रिकाम्या स्टँडमध्ये एकटा माणूस कमरेला ढोल बांधून जीव तोडून वाजवतोय, हे सिंगापूरच्या यिशुन भागात, आमच्या घराजवळच्या स्टेडियमवर मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला हसू नाही आलं, राग आला. त्याचा नव्हे, जे आले नव्हते त्यांचा. तो राग अजून उतरलेला नाही.

इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे पोर्टलंडकर म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण सिंगापूरला येण्याआधी कंपनीने त्यांना काही वर्षं अमेरिकेत, पोर्टलंडला ठेवलं होतं. तिथून ते फुटबॉलचं वेड घेऊन आले. कुठलाही विषय निघो, ते ‘आमच्या पोर्टलंडला’वर येणारच. मग कोणीतरी खोडी काढायचं, “काय हो, अमेरिकेत फुटबॉल कोण बघतं?”

ते बिचारे मनापासून उत्तर द्यायचे. “सगळीकडे नाही बघत. पैसेवाला मालक आणि विकत आणलेला म्हातारा स्टार, एवढ्यावर टीम उभी केली की थोड्या दिवसांत खुर्च्या रिकाम्या. पोर्टलंडला स्टेडियम भर गावात, ट्रामने जायचं. टीम हरत असली तरी माणसं पावसात उभी राहून गायची. माझ्या एका बाजूला मेक्सिकन सुतार, दुसऱ्या बाजूला इथिओपियाचा टॅक्सीवाला. तिघांपैकी कोणीच तिथला नाही. पण मॅचपुरते आम्ही सगळे तिथलेच.”

लोक माना डोलवायचे आणि पुन्हा इंग्लंडच्या क्लबांवर बोलायला लागायचे. आमचे हे तर त्यात सगळ्यात पुढे. अंगात लाल जर्सी घालून टीव्हीपुढे बसायचं आणि सकाळी तोंड पाडून सांगायचं, “आपण हरलो गं.” आपण म्हणे. ज्या गावाचं तोंड पाहिलं नाही तिथले हे आपण, आणि खिडकीतून ज्या स्टेडियमचे दिवे दिसतात तिथे कधी पाऊल टाकलं नाही. यिशुन विचित्र बातम्यांसाठी बदनाम, नाव काढलं की अख्खं सिंगापूर हसतं, त्यात आमचेही दात दिसायचे.

ढोल पोर्टलंडकरांनी स्वतः पुण्याहून आणला होता. गणपतीत मंडळाला द्यायचे, एरवी यिशुनच्या टीमच्या मॅचला न्यायचे. त्यावरून एकदा मीटिंगमध्ये चांगलंच वाजलं. अध्यक्ष म्हणाले, “बाप्पाचा ढोल फुटबॉलला वाजवायचा, हे शोभत नाही.” पोर्टलंडकर शांतपणे म्हणाले, “बाप्पा दहा दिवस येतात. टीम बिचारी वर्षभर इथेच असते.”

त्यानंतर मी हट्टाने त्यांच्याबरोबर मॅचला जायला लागले. स्टँडमध्ये अंकल टान म्हणून एक निवृत्त बस ड्रायव्हर भेटायचे. पोर्टलंडकरांनी दिलेला चिवडा खात त्यांनी एकदा विचारलं, “यू फ्रॉम व्हेअर, आह?” पोर्टलंडकरांनी पलीकडच्या ब्लॉककडे बोट दाखवलं. “यिशुन, लाह.” अंकल टान इतके खूश झाले की त्या दिवसापासून ते त्यांची जागा धरून ठेवायला लागले.

आणि या माणसाला जावं लागलं. कंपनीने त्यांचं काम हैदराबादला हलवलं. नोकरी गेली तसा कामाचा पासही गेला, आणि PR, म्हणजे कायम राहायचा परवाना, त्यांना मिळालेला नव्हता. आम्हाला मिळालाय. आम्ही इतकी वर्षं ‘इथे काय ठेवलंय’ म्हणत एसीत बसलोय, आणि ज्याने यिशुनला आपलं गाव मानलं त्याने सामान बांधून पुण्याला परतायचं. दोष कोणाला द्यायचा ते मला कळत नाही, पण संताप येतो आणि तो गिळायची माझी मुळीच इच्छा नाही.

निरोप समारंभात मंडळाने त्यांना काय द्यावं? इंग्लंडच्या क्लबची जर्सी, पाठीवर ‘पोर्टलंडकर’ छापलेली. त्यांनी ती नीट घडी करून घेतली, आभारही मानले. खाली येताना लिफ्टमध्ये मात्र म्हणाले, “वहिनी, एकालाही स्टेडियमपर्यंत आणता आलं नाही मला.” मी आले होते की, असं म्हणायचं होतं. पण ते माझ्याबद्दल बोलत नव्हते, हे मला कळत होतं.

जाण्याआधी ढोल माझ्याकडे देऊन गेले. “दोरी सैल पडते, मॅचच्या आधी ताणून घ्या.”

पुढच्या शनिवारी तो ढोल मला उचलेना. यांना म्हटलं, नुसता पोचवून द्या आणि परत या. कुरकुरत आले, अंकल टाननी धरून ठेवलेल्या जागेवर टेकले आणि बसूनच राहिले. मी ढोल वाजवला, फार वाईट वाजवला. टीम हरली. घरी परतताना ढोल यांनीच खांद्यावर घेतला. आमच्या ब्लॉकखाली आल्यावर म्हणाले, “शेवटी शेवटी आपण उगाच मागे मागे खेळलो गं.”

हे ऐकायला तो माणूस इथे हवा होता. मी तिथेच उभी राहून पुण्याला फोन लावला आणि यांच्या हातात दिला. “सांगा,” म्हटलं, “कोण हरलं ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा.”