घोड्याचा जुना शब्द

स्टेशनाबाहेर नेहमीच्या टांग्याला नवा घोडा दिसला. नाव विचारलं, तर टांगेवाले चाचा म्हणाले, “ठेवलं नाही, सर. आधीच्याचंच येतंय तोंडात. नुसतं घोडा म्हटलं तरी वळतोय की.”

माझी बायको कॉलेजात रशियन शिकवायची. घोड्याला प्राचीन स्लाव लोक ‘कोन्य’ म्हणत. तो शब्द आला कुठून, यावर विद्वानांचं एकमत नाही, असं ती सांगे. त्यालाही संस्कृतासारखं द्विवचन होतं, दोनच घोड्यांसाठी वेगळं रूप. आपल्या ‘अश्वा’च्याच मुळातला, त्याचा भाऊ शोभेल असा घोड्याचा जुना शब्द त्या भाषेने ‘कोन्य’च्याही आधी गमावला होता. कुणाचं काही अडलं नाही. घोडे धावतच राहिले.

तिला मुलगी ‘आई’ म्हणे, शेजारी ‘वहिनी’. नावाने हाक मारणारा मी एकटा उरलो होतो, आणि ती गेल्यापासून ते नाव मी उच्चारलेलं नव्हतं.

“बाई गेल्याचं कळलं, सर. नाव काय हो होतं त्यांचं?” चाचांनी विचारलं. “दुवा मागताना घेईन.”

“सुमती,” मी म्हणालो. घरी आतल्या खोलीत तिला ऐकू जावं, इतक्या मोठ्याने.

घोड्याने कान टवकारले. मग पुन्हा चंदीत तोंड घातलं.