सांगू काय शेवट?

आम्ही तिघं भावंडं जमलो की कॉमिक्सचे किस्से निघतातच. दर खेपेला एखादा नवा सापडतो, आणि जुन्यांना तिखटमीठ लागतं ते वेगळंच!

केशवापूरच्या आमच्या घरात शनिवारी भाड्यानं एक कॉमिक यायचं, रविवारी संध्याकाळी परत जायचं. वाचायचा क्रम वयाप्रमाणे. आधी अण्णा, मग अक्का, शेवटी मी. माझ्या हातात येईपर्यंत दोघांनाही शेवट पाठ! एकदा, फक्त एकदा, मला सगळ्यांच्या आधी शेवट वाचायचा होता.

*

अक्काची भांडी घासायची पाळी असली की ती माझ्या कानाशी यायची. "सुमे, सांगू काय शेवट?"

मी मुकाट्यानं राखेचा डबा घेऊन मोरीत!

*

एकदा मी बंड केलं. अक्काचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोटं घालून सतराचा पाढा ओरडत सुटले.

बाहेर अप्पा आईला कौतुकानं म्हणाले, "बघ, धाकटी कशी अभ्यास करतीय! नाहीतर हे थोरले दोघं!"

त्या दिवशी थोरल्यांनाही पाढे म्हणावे लागले.

*

अण्णाच्या गणिताच्या पुस्तकात अप्पांना कॉमिक सापडलं. जप्त! दुपारी अप्पा दुकानातून जेवायला आले, ते तासभर खोलीबाहेर येईनात. अण्णानं हळूच दार ढकललं. अप्पा शेवटून चौथ्या पानावर होते.

"अप्पा, सांगू काय शेवट?"

"सुम्न कूड!" अप्पा गरजले. गप्प बसवायचं असलं की ते कानडीत शिरायचे. कॉमिक मात्र संध्याकाळी परत मिळालं.

*

पुढं अण्णाला अळणावरला लाकडाच्या वखारीत नोकरी लागली. माझा नंबर एकानं वर सरकला, पण मजा गेली. अण्णाची फार आठवण यायची.

पहिल्या सुट्टीला आला, तेव्हा त्यानं पिशवीतून नवंकोरं कॉमिक काढून माझ्या हातात दिलं. शेवटची पानं काळ्या दोऱ्यानं एकमेकांना शिवलेली!

"वखारीतच शिवून टाकलं," अण्णा म्हणाला. "गाडीत राहवलं नसतं बघ. बाकीचं मी वाचलोय. शेवट तेवढा तू आधी वाच की."

मी कोपऱ्यात बसून अख्खं कॉमिक वाचलं. टाके उसवले, शेवट वाचला आणि मिटून मांडीखाली ठेवलं. अण्णा समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होता. मोरीत भांड्यांचा ढीग पडला होता. पाळी माझी.

"अण्णा," मी म्हटलं, "सांगू काय शेवट?"

अण्णा बाह्या सारत उठला.