आईची पाणबुडी

आज तळ्याकाठच्या म्युझियमसमोर पत्रकं वाटताना आतून यंत्रांच्या ग्रीसचा वास आला आणि मी पुन्हा सात वर्षांची झाले, पुण्याहून या परदेशी गावात आलेली. बाबा म्हणाले होते, "चला, पाणबुडी बघायला जाऊ." आई खुशीत दुर्बीण घेऊन निघाली. पुण्यात पाषाणच्या तलावावर बुड्या मारणाऱ्या पक्ष्याला ती पाणबुडी म्हणायची. म्युझियममधला पेरिस्कोप पाहून तिनं विचारलं, "अहो, पण पक्षी कुठाय?" बाबा हसत सुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाणबुडीवर नोकरी केलेले एक आजोबा तिथे स्वयंसेवक होते. घोटाळा कळल्यावर ते म्हणाले, "स्वीट अ‍ॅज, झकास! दोन्ही पाणबुड्यांचं काम एकच, दम धरून खाली जायचं." त्यांनी आईला पेरिस्कोपला डोळा लावायला सांगितलं. ती ओरडलीच, "अगं, दिसली! तळ्यात आहे, बघ!" मागे रांग लागली, तरी ती हलेना.

तेव्हा मला आईची लाज वाटली. आता राग येतो, तो गावच्या कौन्सिलचा. म्हणे, हा जुन्या गावकऱ्यांचा वारसा, बाहेरून आलेल्यांना त्यात रस नाही, तेव्हा म्युझियम बंद करा. विचारलंत कुणाला? तुमच्या म्युझियमबद्दलच्या सुनावणीत बोलणाऱ्यांत मी पहिलं नाव आईचं दिलंय. ती मराठीत बोलणार आहे. दुभाषी तुम्ही आणा.