वरच्या डब्यात आलेला दादा

या सदरातले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते, ते करमणूक म्हणून. चिंचेचं झाड, पांढरी साडी, नेमकी तिथेच बंद पडलेली मोटरसायकल... हसायचं आणि पान उलटायचं. मी सातपूरच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळते. आमच्याकडे अचानक काही घडलं की त्यामागे एक तर सैल केबल असते, नाहीतर साहेबांचा हात. त्यामुळे आपण इथे लिहायला बसलोय याचीच मला लाज वाटतेय. पण एवढी वर्षं मनात ठेवून जड झालंय, म्हणून लिहिते.

माझ्या दादाचा पंचवटीत फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर घर. दादा आणि वहिनी, दोघंच; मूलबाळ नव्हतं. लग्नं-बारशी तो करायचाच, पण त्याचं नाव होतं ते दहाव्याच्या फोटोंसाठी. नदीचा घाट जवळ. माणूस गेलं की घरचे लग्नातला एखादा ग्रुप फोटो घेऊन यायचे. दादा त्या गर्दीतून नेमका तो चेहरा वेगळा काढायचा, मागे आकाशी रंग द्यायचा, कॉलर सरळ करायचा, विस्कटलेले केस बसवायचा आणि मोठा करून द्यायचा. फोटो मात्र हसराच निवडायचा. "रडका फोटो भिंतीवर लावू नका हो, लेकरं रोज बघतात," असं गिऱ्हाइकालाच दटावायचा!

२००८ च्या सुमारास दुकानात पुराचं पाणी शिरलं. निगेटिव्ह, अल्बम, सगळ्याचा लगदा झाला. दादा-वहिनीच्या स्वतःच्या लग्नाचा, नव्वदच्या दशकातला अल्बमही त्यातच गेला. दादा दोन दिवस जेवला नाही.

"मंजे, आता तूच काहीतरी कर," तो मला म्हणाला.

मग मी दोन नेटवर्क स्टोरेज सर्व्हर बसवले. एक दुकानात, एक वर घरात, जिथे पाणी पोचणार नाही. जिन्यातून केबल ओढली. रोज दुकान बंद करायच्या वेळी दिवसभराचे फोटो आपोआप खालून वर कॉपी व्हायचे. दिशा एकच — खालून वर. वरच्या सर्व्हरवर दुसऱ्या कुणाला काही ठेवताच येत नव्हतं. त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. मी हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं, तर दादा म्हणाला, "म्हणजे खालचा डबा जेवला की वरच्याचं पोट भरतं. एवढंच ना?" वहिनीने तर खंडेनवमीला दोन्ही डब्यांना हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या वर्षी मनमाडला एका लग्नात शूटिंग करताना दादा खाली बसला, तो उठलाच नाही. हार्ट अटॅक. आधी कॅमेरा शेजारच्याच्या हातात नीट दिला म्हणे, आणि मग छाती धरली. मला अजूनही त्याचा राग येतो.

दहाव्यासाठी फोटो हवा, असं काका म्हणाले आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. दादाचा फोटोच नव्हता! घरातल्या प्रत्येक कार्यात कॅमेरा याच्याच गळ्यात. खालच्या सर्व्हरवर साऱ्या पंचवटीची लग्नं होती, आणि दादा? कुठे आरशात फ्लॅशमागे अर्धा खांदा, कुठे नवरीच्या शालूवर पडलेली सावली. शेवटी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून पाहिला. वहिनी दिंडोरीकडची. तिने तो हातात घेतला आणि परत दिला.

"हे कोन हायेत? हे आमचे नाय." मग एकदम तिचा बांध फुटला. "मंजूताई, काय बी द्या मला. त्यांचं तोंड आठवंना झालंय वो... डोळे मिटले की नुसता क्यामेराच दिसतोय."

खालून चुकून काही डिलीट झालं असेल आणि वर राहिलं असेल, एवढ्याच आशेवर मी वरचा सर्व्हर उघडला. भरदुपार, घरात पाहुणे, बाहेर भाजीवाल्याची आरोळी... भयकथेला शोभेल असं काहीही नव्हतं.

'दहावा' नावाच्या फोल्डरमध्ये सगळ्यात शेवटी एक फोटो होता. दादा. मागे आकाशी रंग, कॉलर सरळ, केस बसवलेले. हसतोय. मला भीती वाटली नाही, आधी रडूच कोसळलं. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग सवयीने तारीख पाहिली. दादाला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुकान बंद करायच्या वेळेला तो फोटो वर आला होता. त्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. खालच्या सर्व्हरचा प्लग मीच काढून ठेवला होता, आणि फोटो शोधायला म्हणून मीच तो नंतर लावला. खाली तो फोटो नव्हता. कधी असल्याची खूणही नव्हती.

वहिनीला बोलावलं. तिने फोटो पाहिला. मग उठली, कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून एक खोका काढून आणला. आत विटकरी रंगाचा, बारीक रेघांचा शर्ट. टाचण्या तशाच, कॉलरखालचा पुठ्ठा तसाच. लग्नाच्या वाढदिवसाला द्यायचा म्हणून तिने लपवून ठेवलेला. दादाला त्याचा पत्ताही नव्हता.

फोटोत दादाच्या अंगात तोच शर्ट होता.

नंतर मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. सर्व्हरचं घड्याळ तपासलं, डिस्क तपासल्या, पासवर्ड कुणी वापरला का तेही पाहिलं. आमचे सिनियर म्हणाले, कुणीतरी फोटोशॉप केलं असेल. कुणी? त्या घरात ते काम येत होतं फक्त दादाला. आणि तो हसरा चेहरा काढला कुठल्या फोटोतून? तो मूळ फोटो मी अजून शोधतेय. मला नाही वाटत तो सापडेल. याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

वहिनीने मात्र 'हे कसं झालं' असं एकदाही विचारलं नाही. त्या दुपारी ती शर्ट मांडीवर घेऊन स्क्रीनवर दादाच्या खांद्यापाशी बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा जराशी हसली.

"बसला वो बरोबर," ती म्हणाली. "मला वाटत व्हतं, खांद्यात आवळंल."